नावाड्याची आई

रविवारी दुपारचे तीन वाजले की वसईजवळच्या पापडीला पुतळाबाईंच्या ओटीवर भाजी, माणसं आणि खून असं सगळं एकदम जमायचं. भाजी मागच्या वाडीतून यायची, माणसं आजूबाजूची असायची, आणि खून पुतळाबाईंची नात संजना भिंतीवरच्या टीव्हीत लावायची. सोमवारच्या बाजारासाठी लाल माठ, शेपू आणि मुळ्याच्या जुड्या बांधायच्या आणि बांधता बांधता एका खुन्याची मालिका बघायची, असा तो कार्यक्रम. हात भाजीत, डोळे टीव्हीवर, आणि तोंडांना अडवणारं कोणीच नाही.

आता जुड्या बांधायला घरची माणसं पुरत नव्हती असं मुळीच नव्हे. वाडीच पाव राहिली होती. उरलेल्या जागेवर सात मजली इमारत उभी होती आणि तिच्या गॅलऱ्यांमधून लोकांचे टॉवेल पुतळाबाईंच्या मुळ्यावर ठिबकत होते. मुलगा अल्पेश राहिलेल्या तुकड्यात हौसेनं भाजी लावायचा आणि सकाळी टेम्पोतून न्यायचा. सून रचना मनात आणती तर एकटीनं तासाभरात सगळं बांधून हात धुऊन मोकळी झाली असती. पण पुतळाबाईंना ते चालत नसे. जुडी एकट्यानं बांधायची नसते, असं त्यांचं म्हणणं, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईशी त्यावर वाद कोण घालणार?

म्हणून मग शेजारची रोझमेरी यायची. ती पुतळाबाईंच्या बरोबरीची, लग्न होऊन त्याच वर्षी पलीकडच्या घरात आलेली. पूर्वी या ओटीवर आठ जणी बसायच्या. एकेक करत सहा गेल्या, आणि आता जुन्यातल्या या दोघीच राहिल्या होत्या. रोझमेरीबरोबर तिचा धाकटा भाऊ फर्डिनंड असायचा. त्याची सगळी नोकरी वसईच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली होती, त्यामुळे बायको वारल्यावर बहिणीकडे राहायला आला तेव्हा सामानाबरोबर पुरावा, साक्ष आणि उलटतपासणीही घेऊन आला. चौथ्या यमुनाताई. त्या मागच्या सात मजली इमारतीतल्या. मुंबईच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर वरून रोज ही बैठक बघत होत्या. एका रविवारी न राहवून खाली उतरल्या आणि मला पण शिकवा म्हणाल्या. त्यांच्या जुड्या अजून बाजारात जाण्याच्या लायकीच्या झाल्या नव्हत्या. त्या घरच्या आमटीत जायच्या.

मालिका अशी होती. चहाच्या मळ्यांचं एक गाव, आणि तिथं एकामागून एक सहा बायकांचे खून. गोष्ट सांगणारा एक म्हातारा पोस्टमन. तो कधी दिसायचा नाही, फक्त त्याचा आवाज. काय आवाज होता! घरातल्या मोठ्या माणसानं शेजारी बसून सांगावं तसा. कोणाच्या घरी कधी पत्र गेलं, कोण दार उघडायला उशीर लावायचं, सगळं तो मायेनं सांगायचा. आठ रविवार त्यानं सांगितलं आणि आठव्या भागाच्या शेवटी कळलं की खुनी तोच.

त्या रविवारी ओटीवर जे रण माजलं ते रस्त्यावरच्या माणसांनी थांबून ऐकलं.

फर्डिनंडचं म्हणणं, ही शुद्ध फसवणूक आहे. सांगणारा हा साक्षीदार. साक्षीदारच आरोपी निघाला तर पहिल्या भागापासूनची सगळी साक्ष रद्द, आपले आठ रविवार रद्द, आणि मालिका काढणाऱ्यावर खटला भरायला हवा. यमुनाताईंना ते पटेना. त्यांनी आदल्याच दिवशी घरी पहिला भाग पुन्हा बघितला होता म्हणे, आणि त्यात तो पोस्टमन एकही खोटं वाक्य बोलत नाही. 'त्या रात्री मला घरी यायला उशीर झाला' एवढंच म्हणतो. कुठून उशीर झाला ते आपण विचारलंच नाही, चूक आपली. संजना म्हणाली, ट्विस्ट तिसऱ्या एपिसोडलाच प्रेडिक्ट झाला होता तिला. असं तिला प्रत्येक ट्विस्टनंतर वाटायचं.

रोझमेरी मात्र खरोखरच दुखावली होती. तिला खुनाचं काही वाटत नव्हतं. तिला त्या आवाजाचं वाईट वाटत होतं.

“मी त्याच्यावर इस्वास ठेवला,” ती म्हणाली. “आपल्या मानसासारखा बोलायचा. अशा मानसाला मी घरात घेनार नाय.”

पुतळाबाईंनी एवढ्या वेळात शेपूची एक जुडी दोनदा सोडून पुन्हा बांधली होती. मग त्या मान वर न करता म्हणाल्या, “तो खोटं नाय बोलला. त्यानं सांगितलं नाय, एवढंच.”

“कोर्टात दोन्ही सारखंच, वहिनी,” फर्डिनंड म्हणाला.

“कोर्टात असेल. घरात नसतं.”

यमुनाताईंना ते वाक्य फार आवडलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. पुतळाबाईंनी मुळ्याचा ढीग पुढं ओढला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण रोझमेरीला राग आला की तिला जुनं आठवायचं, आणि जुनं आठवलं की ती थांबायची नाही. ती म्हणाली, ट्विस्ट म्हणजे काय ते या मालिकावाल्यांना कळतच नाही. ट्विस्ट होता तो 'तेरह नंबर घाट' मध्ये. यमुनाताईंनी विचारलं, हा कुठला सिनेमा. झालं, रोझमेरीनं हातातली जुडी खाली ठेवली आणि सांगायला बसली.

त्या काळी या आळीतल्या बायकांना सिनेमाला जायला सवड नव्हती. सकाळी वाडीत, दुपारी चुलीपाशी, संध्याकाळी पुन्हा भाजीत. मग आठ जणींनी एक युक्ती काढली होती. सगळ्यांनी मिळून महिन्याला एक तिकीट काढायचं आणि एकीला पाठवायचं. तिनं पिक्चर बघून यायचा आणि जुड्या बांधताना बाकीच्यांना सांगायचा. पाठवायची कोणाला, तर पुतळेला. ती सातवी शिकलेली, रेडिओ ऐकून हिंदी समजणारी, आणि जिभेला धार. सासूलाही गोष्टींचं वेड होतं. सासरे तेवढे कडक. पण गोष्ट चालू असली की जुड्या पटापट होतात हे त्यांनीही पाहिलं होतं, म्हणून त्यांनी कानाडोळा केला. अट एकच, वसईतल्या टॉकीजला जायचं नाही. तिथं त्यांचे भाजीचे व्यापारी बसायचे. सून त्यांच्या नजरेस पडायला नको. तेव्हा पुतळेनंच सुचवलं होतं की नालासोपाऱ्याला पत्र्याचं टॉकीज आहे, तिथं दुपारचा खेळ असतो, एसटीनं जाऊन चारपर्यंत परत येईन.

असे दोन वर्षं पिक्चर झाले. रोझमेरीला सगळे पाठ होते, आणि त्यातला सगळ्यात भारी 'तेरह नंबर घाट'. एक नावाडी असतो. घाटावरून पैलतीरी नेताना एकट्या प्रवाशांना मारतो. पोलीस सगळ्या वाटांवर बसलेले. आणि गावात त्याची आई आजारी. तो लपत छपत शेतातून तिला भेटायला येतो. आई त्याच्या मांडीवर डोकं ठेवते, म्हणते केसांना तेल लाव. तो तेल लावत असतानाच ती जाते. आणि बाहेर पोलीस. रडला तर आवाज जाईल. मग तो तोंडात पंचा कोंबून रडतो, आईचे डोळे मिटतो, मागच्या दारानं निघतो, खाडीवर तोंड धुतो आणि जाऊन पुन्हा नावेवर बसतो, जसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी आईची तिरडी निघते. नावाडी गर्दीत परका म्हणून उभा. पण इन्स्पेक्टर बघतो की सगळ्यांच्या पायांत चपला आहेत आणि हा एकटाच अनवाणी चाललाय. परक्या बाईच्या मागून अनवाणी कोण चालेल? तिथंच धरतो.

“आमी आठ जनी अशा रडलो,” रोझमेरी म्हणाली, “का भाजी भिजली. पुतळेच्या तर तोंडून शब्द फुटेना. सांगता सांगता तीच सगळ्यात जास्त रडली.”

यमुनाताईंनी डोळे टिपले. फर्डिनंडनं सुद्धा चपलांचा पुरावा ग्राह्य धरला. आणि संजना, जी एवढा वेळ फोनवर बोट फिरवत होती, ती म्हणाली, “आजी, मिळाला. कोणीतरी अपलोड केलाय. प्रिंट ब्लर आहे पण फुल मूव्ही आहे. नेक्स्ट संडे हाच लावते.”

पुतळाबाईंच्या हातातली केळीच्या सोपटाची दोरी तुटली.

आता जे कोणालाच माहीत नव्हतं ते सांगायला हवं. पुतळाबाईंनी 'तेरह नंबर घाट' पाहिला नव्हता. तोच काय, त्या दोन वर्षांतला एकही पिक्चर त्यांनी पाहिला नव्हता. त्या पत्र्याच्या टॉकीजच्या आत पायसुद्धा ठेवला नव्हता.

त्यांचं माहेर तुळिंजचं. आज तिथं चालताना खांद्याला खांदा घासतो, तेव्हा भातशेती आणि चिंचेची झाडं होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिथल्या एका बारशात सासऱ्यांना पंगतीत मागच्या ओळीत बसवलं गेलं. चूक कोणाची होती ते देवाला ठाऊक. पण सासरे ताटावरून उठले, घरी आले आणि सुनेला म्हणाले, त्या घरी पाय ठेवलास तर या घरी पुन्हा यायचं नाही. आणि ते बोललं तसं करणारे होते. पुतळाबाईंची आई तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळली होती.

तेव्हा नालासोपाऱ्याच्या टॉकीजची युक्ती त्यांना का सुचली ते आता कळलंच असेल. एसटीतून उतरायचं, टॉकीजवर जाऊन काचेच्या पेटीतले फोटो बघून घ्यायचे, दारातल्या माणसाकडून गाण्यांची चोपडी विकत घ्यायची, आणि रेल्वेचे रूळ ओलांडून तुळिंजला पळायचं. दीड-दोन तास आईजवळ. तिचं डोकं विंचरायचं, तिच्या ताटात जेवायचं, थोडा वेळ तिच्या कुशीला पडायचं. भाऊ शत्रुघ्न बाहेर ओट्यावर राखण करत बसायचा. मग परत पळत एसटी. चोपडीच्या पहिल्या पानावर कथेचा सारांश असायचा, आणि तो नेमका रंगात आला की खाली छापलेलं असायचं, 'आगे का हाल परदे पर देखिए'. ते पुढचं पुतळाबाई एसटीत बसून रचायच्या. खुनी कोण हे शोधायला लागायचं नाही. तो पोस्टरवरच सुरा घेऊन उभा असायचा. त्या काळच्या पोस्टरवाल्यांना ट्विस्टची काही फिकीर नव्हती.

पापडीला उतरेपर्यंत पिक्चर तयार. आणि लबाडी म्हणावी तर पुतळाबाईंनी ती मनापासून केली. सात जणींनी पोटाला चिमटा काढून पाठवलंय, त्यांना उणं पडता कामा नये, या भीतीनं त्यांनी असे काही पिक्चर रचले की खरे काढणाऱ्यांना जमले नसते. पुढं आळीत टीव्ही आले, त्यावर त्यातले एक-दोन लागलेही. पण नशिबानं तेव्हा लाईट गेली किंवा कोणाच्या तरी घरी लग्न निघालं. नवऱ्यालाही त्यांनी कधी सांगितलं नाही. सासरे गेले, सासू गेली, टॉकीज पाडलं गेलं. ऐकणाऱ्या एकेक करून गेल्या. सांगायचं कोणाला आणि कशाला?

आता राहिली होती एकटी रोझमेरी. तिनं कोंबडीची अंडी विकून तिकिटातला आपला वाटा दिला होता आणि नवरा पास्कल कधी सिनेमाला नेत नाही म्हणून तिचे सगळे पिक्चर पुतळेच्या तोंडचे होते. तेच जर खोटे निघाले तर? आठ रविवारांच्या आवाजासाठी ती एवढी चिडली, इथं तर पन्नास वर्षं होती. अशा माणसाला घरात घेणार नाही, असं ती आत्ताच म्हणाली होती. रोझमेरी रागानं घरी बसली तर या ओटीवर 'आठवतं का गं' असं म्हणायला कोणी उरणार नव्हतं. पुतळाबाईंना मरणाची भीती वाटत नव्हती. त्यांना याची वाटत होती.

तो आठवडा त्यांनी वाईट काढला. सोमवारी संजनाला म्हणाल्या, जुने पिक्चर नको, डोळे दुखतात. संजना म्हणाली, मालिकेला नाही दुखत? मंगळवारी अल्पेशला सुचवलं की ते नेट फार महाग पडतं, या महिन्यात भरू नको. त्यानं आईला ताप आलाय का ते हात लावून पाहिलं. शुक्रवारी रिमोट धान्याच्या डब्यात जाऊन बसला. संजनानं शोधलाही नाही, फोनवरूनच टीव्ही चालू केला. शेवटी शनिवारी पुतळाबाई कुंपणाशी गेल्या. पलीकडं रोझमेरी चाफ्याची फुलं वेचत होती. सांगून टाकावं असं मनात होतं. पण रोझमेरीच आधी म्हणाली की उद्या तेरा नंबर बघायचा म्हणून मी आठवडाभर खूश आहे, पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या आईचं तोंड दिसेल. पुतळाबाई फुलं चांगली आहेत असं म्हणून परत आल्या.

रविवारी रोझमेरी चर्चला जायची साडी नेसून आली. हे पाहून पुतळाबाई माठाचा ढीग घेऊन पार कोपऱ्यात सरकल्या.

संजनानं पिक्चर लावला. पडद्यावर पावसासारख्या रेघा, आवाज घशात अडकल्यासारखा. पण घाट होता, कंदील होता, नावाडीही होता, सुरा घेतलेला. रोझमेरीनं यमुनाताईंना कोपरानं ढोसलं. पहिला खून झाला. दुसरा झाला. इन्स्पेक्टर आला, त्याची एक प्रेयसी आली, आणि त्या दोघांनी झाडाभोवती गाणं म्हटलं. हे गाणं पुतळाबाईंनी चोपडीतून वाचून दाखवलं होतं. रोझमेरी पडद्याच्या आधी ओळी म्हणत होती. काही जागी गोष्ट वेगळी जायची, तेव्हा ती म्हणायची, “हे मना आठवत नाय,” आणि पुन्हा बघायला लागायची. फर्डिनंड म्हणाला, पन्नास वर्षांनी साक्षीदाराची आठवण पुसट होतेच. पुतळाबाई लाल माठाच्या जुड्या बांधत होत्या. एवढ्या घट्ट की देठ मोडत होते.

तास गेला. रोझमेरीनं विचारलं, “आई अजून कशी नाय आली?”

संजना म्हणाली, सेकंड हाफमध्ये असेल.

दुसरा तासही गेला. नावाडी पळाला, पोलीस मागं लागले, गोळ्या सुटल्या, तो घाटाच्या पायऱ्यांवर पडला आणि इन्स्पेक्टरनं प्रेयसीचा हात धरला. 'समाप्त' अशी अक्षरं आली. आई आलीच नाही. तिरडी नाही, अनवाणी पाय नाहीत. नावाड्याला आई असल्याचा साऱ्या पिक्चरमध्ये उल्लेखसुद्धा नव्हता.

रोझमेरी पडद्याकडं बघत राहिली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

“आई कुठं गेली?” ती म्हणाली.

आणि मग सगळ्यांनी मिळून पुतळाबाईंना वाचवायला घेतलं, अर्थात त्यांना वाचवतोय हे न कळता. फर्डिनंड म्हणाला, रिळं कापलेली असणार, जुन्या काळी टॉकीजवाले सर्रास कापायचे. यमुनाताई म्हणाल्या, नेटवरच्या प्रतीत अर्धा अर्धा तास गायब असतो, त्यांनी एका मासिकात वाचलंय. संजनानं वेळ बघितली आणि म्हणाली, हो, ही प्रिंट शॉर्ट वाटतेय, मेन सीनच कट केलाय यांनी, शेवटही बदललाय. रोझमेरीनं मान हलवली. तिला ते पटत चाललं होतं. तिनं एक उसासा टाकला आणि म्हणाली, एवढी चांगली बाई, आणि मेल्यांनी कापून टाकली.

पुतळाबाईंना काहीच करायचं नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. हो न म्हणता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. गप्प बसण्याची त्यांना पन्नास वर्षांची सवय होती. मालिकेतल्या पोस्टमनचा सगळा कारभार यावरच चालला होता. पण 'कापून टाकली' हा शब्द त्यांच्या काळजाला असा लागला की त्यांना बसवेना. हातातली भाजी त्यांनी बाजूला सारली.

“कापली नाय, रोझी,” त्या म्हणाल्या. “ती पिक्चरमध्ये नव्हतीच. ती माझी होती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. टॉकीजच्या बाहेरचे फोटो, चोपडी, रूळ, तुळिंज. सांगताना त्या कोणाकडं बघत नव्हत्या. आणि शेवटी तो दिवस सांगितला. त्या बुधवारी त्या पोचल्या तेव्हा आईला धाप लागली होती. तिनं मांडीवर डोकं ठेवलं, म्हणाली केसांना तेल लाव. तेल लावता लावता ती गेली. भावाला काय करावं कळेना. बहीण इथं होती हे सासरी कळलं तर तिचा संसार मोडेल, म्हणून तो म्हणाला, तू जा, मी उद्या सकाळी सांगावा धाडतो, तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं कर. शेजारी घरातच होते. मोठ्यानं रडायची सोय नव्हती. पुतळाबाईंनी तोंडात पदर कोंबला, आईचे डोळे मिटले, मागच्या दारानं निघाल्या, बाहेर रांजणापाशी तोंड धुतलं आणि एसटी पकडली. चोपडी त्या दिवशी एसटीत वाचलीही नाही. ओटीवर येऊन बसल्या तर सात जणी जुड्या घेऊन तयार, आणि त्यांना पिक्चर हवा होता.

“दुसरं काय सांगनार होते मी?” पुतळाबाई म्हणाल्या. “तेवढंच होतं माझ्यापाशी. ते त्या नावाड्याला दिलं.”

फर्डिनंडनं चष्मा काढला. यमुनाताई शेपूच्या काड्या उगीच सरळ करत बसल्या. संजना उठून आजीच्या मागं जाऊन उभी राहिली, पण हात लावायचा तिला धीर झाला नाही. पुतळाबाईंचं लक्ष त्यांच्यातल्या कोणाकडंच नव्हतं. त्या रोझमेरीच्या तोंडाकडं बघत होत्या.

रोझमेरी बोटांवर काहीतरी मोजत होती. बुधवार. गुरुवारी सकाळी तुळिंजचा माणूस सायकलवरून आला होता, ते तिला आठवत होतं. सासऱ्यांनी 'जा' म्हणून मान हलवली होती, आणि पुतळेनं दारातून निघताना एक अश्रू काढला नव्हता म्हणून बायकांनी मागून नावं ठेवली होती. त्यात तीही होती. हे तिनं मोठ्यानं सांगितलं.

“म्हंजे आमी सात जनी तुझ्या आईला रडलो,” ती शेवटी म्हणाली. “त्याच दिवशी.”

पुतळाबाईंनी मान हलवली.

“मी तर त्या संध्याकाळी तिच्यासाठी रोझरी केली होती. अख्खी माळ. पास्कल हसला मना. पिक्चरमधल्या बाईला कोन प्रार्थना करतो, म्हनाला. मी त्याला सांगितलं, मना नाय ठावूक, पन आई मेलीये कोनाची तरी.”

पुतळाबाईंच्या तोंडून तेव्हा जो आवाज निघाला तो त्यांच्या सुनेनं मागच्या दारी ऐकला आणि ती धावत आली. पन्नास वर्षांपूर्वी पदरात कोंबलेलं रडं होतं ते, आणि आता ते अडवायला ओटीच्या बाहेर कोणी उभं नव्हतं. रोझमेरी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेली. चर्चची साडी लाल माठाच्या मातीनं भरली, तिकडं तिनं बघितलंही नाही.

रडं ओसरल्यावर तिनं पुतळाबाईंचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. म्हणाली, त्या दिवशी रोझरी केली खरी, पण नाव ठाऊक नव्हतं. नुसतं नावाड्याची आई म्हणून केली. ती पोचली की नाही कोण जाणे. आज पुन्हा करते.

“नाव काय होतं तिचं?”

आईचं नाव घ्यायची वेळ पुतळाबाईंवर कितीतरी वर्षांत आली नव्हती.

“देवकी,” त्या म्हणाल्या.